नूतनीकरणाची एक ओळ



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयात एका मुस्लिम लेखकाचा मराठी कथासंग्रह सापडला. पानं हात लावताच तुटत होती. स्कॅन करून तुमच्यापुढे ठेवावा म्हटलं. पण परवानगी कोणाकडे मागणार? प्रकाशन बंद पडलेलं, वारस सापडेनात. लेखक कोणत्या साली गेले, तेही कळेना. फाइल अजून माझ्या लॅपटॉपमध्येच आहे.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. शाहीर अमर शेख 1969 मध्ये गेले. त्यांचं लिखाण 2030 मध्ये खुलं होईल. पूर्वी ही मुदत 50 वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क 1991 अखेर संपत आला, तेव्हा ती सगळ्यांसाठीच दहा वर्षांनी वाढवली. नामवंतांच्या पुस्तकांना त्याचा फायदा झाला. विस्मृतीत गेलेल्यांची पुस्तकं मात्र आणखी दहा वर्षं अडकली.

हक्कदार सापडत नसेल तर कलम 31-अ खाली परवाना मागता येतो. पण त्याआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मराठी पुस्तकासाठी, इंग्रजीत!

अमेरिकेत 1909 च्या कायद्यानुसार 28 वर्षं हक्क मिळे आणि अर्ज केला तर आणखी 28. नूतनीकरण होई फक्त सुमारे 15 टक्के नोंदींचं. बाकी सगळं लोकांसाठी खुलं होई.

कोणी म्हणेल, लेखकाच्या गरीब विधवेची तारीख चुकली तर? रास्त शंका आहे. म्हणून 50 वर्षं आपोआप मिळू द्या. शेवटच्या दहा वर्षांसाठी तेवढा मोबाइलवरून भरता येईल असा, मराठीतला, मोफत अर्ज ठेवा. बर्न करार नोंदणीची सक्ती करू देत नाही, पण ते परदेशी पुस्तकांबाबत. आपल्या पुस्तकांचा नियम आपली संसद ठरवू शकते. शिवाय या अर्जामुळे वारसाचं नाव आणि पत्ता एका जागी नोंदला जाईल. मला हवी होती ती हीच एक ओळ.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज घरी गेल्यावर विचारा, आपल्या दादा-नानांपैकी कोणी काही छापलं होतं का? असेल तर हक्क कोणाकडे, हे लिहून ठेवा. ते पुस्तक शोधत उद्या कुणी तुमच्या दारात येईल, तेव्हा त्याला रिकाम्या हाताने परत जावं लागू नये.