बिशपमहाशयांचीं शमादानें
(महोत्सवानिमित्त झालेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या आनंदांत एका फ्रेंच कादंबरीची गोष्ट कशाला, असें आपणांपैकीं कांहींच्या मनांत येईल. त्यांतहि ही कादंबरी अशी कीं, १८६२ सालीं ती प्रसिद्ध झाली आणि १८६४ सालीं रोमनें तिचें नांव निषिद्ध ग्रंथांच्या यादींत घातलें. ती यादी १९६६ सालीं बंद झाली. तेव्हां आतां भिण्याचें कारण उरलें नाहीं. ग्रंथ व्हिक्टर ह्यूगोचा, नांव 'ले मिझेराब्ल', म्हणजे दीन-दुर्दैवी जन. कथा अतिशय लांब आहे. मी तींतील उजेड आणि अंधार एवढेंच घेतों, व तेंहि बहुतेक शमादानांपुरतेंच.

उजेड म्हणजे पुण्य व अंधार म्हणजे पाप, हा हिशेब आपण बाळपणींच शिकतों. ह्यूगो तेवढ्यावर थांबत नाहीं. त्याच्या कथेंत उजेड प्रथम बोचतो, झोंप उडवितो. आणि कित्येक सत्कृत्यें तर काळोखांतच घडतात.

बहिणीच्या उपाशी लेंकरांसाठीं पाव चोरणारा जाँ व्हालजाँ तुलाँच्या बंदीखान्यांत १९ वर्षें काढून १८१५ सालीं दीन्य गांवीं येतो. खाणावळवाले त्याला हांकून देतात. बिशप मिर्येल त्याला आपल्या पंगतीस बसवितात. दिव्याचा उजेड फार मंद आहे, एवढेंच ते बोलतात. मोलकरीण काय समजायचें तें समजते आणि त्यांच्या खोलींतलीं रुप्याचीं दोन शमादानें आणून त्यांवर मेणबत्त्या लावते. ज्याला कोणी दारांत उभें करीत नव्हतें, त्याच्यासाठीं हा थाट!

त्याच रात्रीं व्हालजाँ चोरी करावयास उठतो. त्याच्या हातीं काय असतें? पुष्कळ वाचकांच्या नजरेंतून ही गोष्ट निसटते. तुलाँचे कैदी टेंकड्यांतून दगड काढीत, म्हणून खाणींतलीं अवजारें त्यांच्या हातीं येत. त्याच्याजवळचें अवजार हें खाणमजुराचें शमादान होतें: भरींव लोखंडाचें, खालीं अणकुचीदार टोंक, तें खडकांत रोवावें व वर मेणबत्ती लावावी. भूगर्भांत उजेड देण्यासाठीं घडविलेली वस्तु निजलेल्या वृद्धाचें मस्तक फोडावयास उचललेली! इतक्यांत बाहेरचा ढग सरतो व चांदणें बिशपांच्या मुखावर पडतें. व्हालजाँ थरकांपतो. पण त्या उजेडानें तो सुधारत नाहीं बरें! तो रुप्याचे काटेचमचे उचलून पळतोच. सकाळीं शिपाई त्याला धरून आणतात, तेव्हां बिशप म्हणतात कीं, शमादानेंहि तुम्हांला दिलीं होतीं, तीं कां नेलीं नाहींत? लोखंडाच्या शमादानाला रुप्याच्या शमादानांनीं दिलेलें हें उत्तर आहे, असें मला वाटतें.

पुढें तो नांव बदलून एका गांवाचा नगराध्यक्ष होतो. काटेचमचे विकले, शमादानें मात्र जपलीं. मग बातमी येते कीं, आरास येथें दुसराच एक मनुष्य जाँ व्हालजाँ म्हणून पकडला गेला आहे. गप्प राहिलें कीं सुटका! त्या रात्रीं तो दाराला कडी घालतो आणि कोणी पाहील या भयानें दिवा मालवितो. परंतु ज्याला बाहेर ठेवावयाचें होतें, तें मन आंतच बसलेलें असतें. पुढें गतायुष्याच्या खुणा जाळतांना शेगडीच्या उजेडांत तीं शमादानें चमकतात. तींहि वितळवावीं म्हणून तो एक हातांत घेतो, त्यानें निखारे ढवळतो. आणि अंतःकरणांतून त्याच्याच नांवाची हांक येते. शमादानें जागच्या जागीं परत जातात. दुसऱ्या दिवशीं भर न्यायसभेंत तो आपलें खरें नांव सांगतो. उजेड सांभाळण्याची किंमत त्याला प्रतिष्ठा व स्वातंत्र्य देऊन मोजावी लागते.

उलट बाजूहि पाहा. १८२३ सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीं लहानगी कोझेत रानांत पाणी आणावयास जाते. क्षितिजावर गुरु हा ग्रह लालसर तळपत असतो. त्या अनोळखी तेजानें पोर अधिकच भिते. तिची जड बादली उचलणारा हात मात्र अंधारांतून येतो, आणि तो व्हालजाँचा असतो. जाव्हेर या पोलीस अधिकाऱ्याची दशा तर याहून बिकट. ज्याला जन्मभर गुन्हेगार म्हणून हुडकलें, त्यानेंच जीवदान दिलें, हें तेज त्याला सोसवत नाहीं. तो सेन नदीच्या काळ्या पाण्यांत उडी घेतो.

मरणाच्या सुमारास व्हालजाँ शमादानें पुढें ठेवतो व दिवसाढवळ्या, उन्हाळ्यांत, त्यांवर मेणबत्त्या लावतो. प्रेताजवळ दिवसाहि बत्त्या जळतात, तशा. धर्मगुरूंस बोलवावें काय, असें विचारतां, माझे आहेत, असें म्हणून तो बोट वर करतो. संस्कारांवांचून असें जाणें आपणांस रुचावयाचें नाहीं. मलाहि रुचत नाहीं. तरी तें बोट कोणाकडे वळलें होतें, हें वाचकाला सांगावें लागत नाहीं. शमादानें तो कोझेतला देतो. तीं रुप्याचीं आहेत, पण आपल्या लेखीं सोन्याचीं, असें म्हणतो. देणारे वरून आपल्यावर संतुष्ट आहेत कीं नाहींत, हें मात्र त्याला ठाऊक नसतें. बाहेरची रात्र एकाहि तारकेवांचून काळीभोर. त्याच्या मुखावर त्या दोन मेणबत्त्यांचा उजेड.