यादीवरचं नाव आणि शेताचा हिशेब



खासगीपणाचा हक्क म्हटलं की वाटतं, हे बंगल्यात राहणाऱ्यांचं दुखणं. आपलं दार दिवसभर उघडंच. पण २०२० साली कर्जमुक्तीच्या याद्या गावोगाव लागल्या, त्या कोणी कोणी वाचल्या? सावकारानं वाचल्या, कृषी केंद्रवाल्यानं वाचल्या, मुलगी पाहायला आलेल्या सोयऱ्यांनीही वाचल्या. सातबाऱ्यावरचा बोजा तर कुणीही पाहावा. तेव्हा सरकारी पैसा घेणाऱ्या शेतकऱ्याचं किती उघडं करायचं, याबद्दल इतर देशांतले कायदे काय म्हणतात ते आपण पाहू.

युरोपात कोणत्या शेतकऱ्याला किती अनुदान मिळालं, हे नावागावासकट संकेतस्थळावर टाकायचा नियम २००८ साली झाला. जर्मनीच्या हेसे प्रांतातली एक शेती भागीदारी आणि एक शेतकरी त्याविरुद्ध कोर्टात गेले. (जगातला पहिला माहितीसंरक्षण कायदा १९७० साली याच हेसेनं केला होता.) ९ नोव्हेंबर २०१० ला युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. करदात्याला हिशेब कळलाच पाहिजे, हे न्यायालयानं मानलं. पण रक्कम किती, किती काळ, कशासाठी, असा काही भेद न करता सगळ्यांची नावं सरसकट टांगणं हे कामापेक्षा जास्त झालं, असं म्हणून व्यक्तींपुरता तो नियम रद्द केला. शेतकरी कायमचे जिंकले असं नाही. २०१३ च्या नव्या नियमानं नावं परत आली. अगदी लहान रक्कम घेणाऱ्याचं नाव तेवढं झाकलं. पण मधल्या काळात सरकारला कारण द्यावं लागलं, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

अमेरिकेत सगळ्यांना लागू असा एकच केंद्रीय कायदा नाही. १९७४ चा कायदा फक्त केंद्राच्या खात्यांना बांधतो. मात्र २००८ च्या शेती कायद्याचं कलम १६१९ सांगतं, की योजनेसाठी शेतकऱ्यानं जमिनीची, पिकाची, मशागतीची जी माहिती दिली ती कृषी खात्यानं बाहेर द्यायची नाही. कुणाला किती पैसे दिले, ते मात्र खुलं. पैसा उघडा, शेत झाकलेलं. ही वाटणी आम्हाला पटते.

आपल्याकडे २०१५ साली केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात सांगितलं, असा मूलभूत हक्क घटनेत नाहीच. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, आहे. कलम २१ मध्येच आहे. गरिबाला भाकरी हवी, खासगीपणा कशाला, हेही कोर्टानं फेटाळलं. मग २०२३ साली डिजिटल माहितीसंरक्षणाचा कायदा आला. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जमा होणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यातून भरपाई नाही. युरोपात ती मागता येते. शिवाय एखाद्या कायद्यानंच जी माहिती जाहीर करायला लावली, तिला हा कायदा लागूच होत नाही. वर माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलमही यानंच बदललं. कारकुनाला ‘खासगी आहे’ म्हणून कागद नाकारणं सोपं झालं.

आता महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांकानं आधार आणि सातबारा एकत्र बांधले आहेत. आपल्या रानात काय पेरलं, हे बियाण्याच्या, विम्याच्या, कर्जाच्या कंपनीला कळवायचं की नाही, याबद्दल २०२३ च्या कायद्यात शेतकऱ्यासाठी वेगळं कलम नाही. १६१९ सारखं कलम हवं, असा ठराव आम्ही या बैठकीपुढे ठेवतो.