लोहाच्या भूमीत आपले स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे गोव्यात मनःपूर्वक स्वागत करतो. मांडवीतून लोहखनिज वाहून नेणारे बार्ज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आपल्या परिषदेचा विषय परका वाटणार नाही: नील-हरित जिवाणू आपल्या भोवतालातून लोह कसे मिळवतात?

या प्रश्नाची मुळे फार जुनी आहेत. आदिम समुद्रात फेरस लोह मुबलक विरघळलेले होते. त्या सुबत्तेत या जिवाणूंची घडण झाली. पुढे त्यांनीच सोडलेला ऑक्सिजन सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात साठू लागला, लोहाला फेरिक रूप आले आणि ते गंजून तळाशी बसले. गरज मात्र तशीच राहिली. एकट्या प्रकाशप्रणाली-१ ला लोहाचे १२ अणू लागतात. नायट्रोजन स्थिर करणाऱ्या जातींना त्याहून पुष्कळ अधिक. आज खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी बहुतेक ठिकाणी लिटरमागे एक नॅनोमोल लोहही विरघळलेले नसते. स्वतःच ओढवलेल्या या टंचाईत ते तगले, याचे मला अपार कौतुक वाटते.

तगण्याच्या रीतीही निरनिराळ्या. गोड्या पाण्यातला ॲनाबीना शिझोकायनिन नावाचा सायडेरोफोर बाहेर सोडतो. तो फेरिक लोहाला धरतो आणि बाह्य पटलावरचे खास प्रथिन ही जोडी आत घेते. सिनेकोसिस्टिस ६८०३ असा सायडेरोफोर बनवत नाही. तो फेरिकचे फेरस करून मग लोह आतल्या पटलापार नेतो. आणि अतिलोह घातकच, कारण त्यातून पेशी जाळणारे मूलक तयार होतात. म्हणून ‘फर’ हे नियामक प्रथिन आवक आवरून धरते.

मला सर्वांत मोहवतो तो ट्रायकोडेस्मियम. अरबी समुद्रात उन्हाळ्याच्या तोंडी त्याचे तपकिरी पट्टे आपल्या किनाऱ्यासमोरही दिसतात. त्याच्या तंतूंचे पुंजके वाळवंटी धुळीचे कण पकडतात, गाभ्याकडे सरकवतात आणि तिथे त्यांतले लोह विरघळवतात. लाल समुद्रातील पुंजक्यांवरचे हे निरीक्षण २०११ साली प्रसिद्ध झाले. एकट्या पेशीला न साधणारे काम वसाहत करते!

तरुण मित्रांना माझी एक विनंती आहे. ठरावीक प्रयोगशाळीय वाणांवरच थांबू नका. खाजन शेतांतून, खाणींत साचलेल्या पाण्यातून, आपापल्या गावच्या तळ्यांतून नमुने आणा, जाती वेगळ्या करा आणि प्रत्येकीची लोह घेण्याची रीत तपासा. आजच्या सत्रांत ज्येष्ठांना मोकळेपणाने प्रश्न विचारा. त्यासाठी वेळ राखून ठेवला आहे.