शरीराची समस्थिती आणि उन्हाळ्याचे आव्हान



वैशाखातील भर दुपारी विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा उन्हात बांधावर माती टाकणाऱ्या निरोगी मजुराच्या शरीरातील तापमान मात्र ३७ अंशांच्या आसपास असते. श्रमाने ते वाढले, तरी सहसा एखाद्या अंशानेच. बाहेरून उन्हाचा मारा आणि आतून स्नायूंची उष्णता असताना हा तोल टिकतो, तो शरीरातील विविध संस्थांच्या सहकार्यामुळे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली या स्थैर्याला ‘होमिओस्टॅसिस’ असे नाव दिले. मराठीत त्यास समस्थिती म्हणतात.

मेंदूतील अधश्चेतक हे या व्यवस्थेचे नियंत्रण केंद्र होय. रक्ताचे तापमान किंचित वाढताच तेथून मज्जातंतूंवाटे आदेश सुटतात. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाची गती वाढते आणि शरीराच्या गाभ्यातील उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते. हवा त्वचेहून अधिक तापलेली असल्यास ही उष्णता बाहेर टाकण्याचा प्रमुख मार्ग एकच उरतो : घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोकणात पारा तितका चढत नाही. परंतु दमट हवेत घाम न वाळता नुसताच गळतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून केवळ तापमानाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात रक्त असते सुमारे ५ लिटर. राबणाऱ्या स्नायूंना ते हवे असते आणि त्वचेलाही. अशा वेळी आतडी व मूत्रपिंडे आपल्या वाट्याचे रक्त कमी करून घेतात. टंचाईच्या दिवसांत गावाने पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देऊन इतर वापर आवरावा, तसेच हे. एरवी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर सोडतात. पाणी कमी पडताच पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकामुळे ही काटकसर आणखी वाढते व लघवी थोडी आणि गडद होते. अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक मीठ राखून ठेवते. मेंदू तहानेची जाणीव करून देतो.

परंतु या सहकार्यालाही मर्यादा आहे. कष्टाच्या कामात तासाला एक लिटर वा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो. ही तूट भरून निघाली नाही, तर रक्ताचे आकारमान घटते, त्वचेकडील पुरवठा कमी पडतो आणि उष्णता आतच कोंडते. तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, की तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून धोका नाही, असे मानणे चुकीचे ठरते. अशा व्यक्तीस तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

ही वेळ येऊ न देणे मात्र गावाच्या हाती आहे. तहान बहुधा तूट पडल्यावर लागते. म्हणून कामाच्या जागी पिण्याचे पाणी हाताशी हवे आणि ते अधूनमधून पिण्याची मुभा हवी. अवजड कामे सकाळी उरकावीत, विसाव्यास सावली असावी. उन्हाची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर नव्या मजुरावर पूर्ण भार टाकू नये. शाळेच्या मैदानावरील कवायतीलाही हाच नियम लागू पडतो.

घाम, हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू आपले कर्तव्य चोख बजावतात. पाण्याचा माठ आणि सावलीचा मांडव मात्र शरीर स्वतः निर्माण करू शकत नाही. ते काम ग्रामपंचायतीचे, शाळेचे आणि कामावर देखरेख करणाऱ्यांचे आहे.