अनसिंगचं घर पुण्यातून रिकामं करताना

तुम्ही पुण्यात, बंगळुरूत किंवा दुबईत असाल आणि गावचं घर कुलूपबंद असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी.

आमचं घर वाशिम जिल्ह्यात, अनसिंगला. वाशिमहून पुसदला जाताना लागतं ते. जुनं धाब्याचं घर, आजी गेल्यापासून बंद. यंदा मागची भिंत फुगली. म्हणजे मृग लागायच्या आत घर रिकामं करून उतरवणं भाग होतं. मी हिंजवडीत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती माझ्याकडे. गावात चुलत भाऊ आणि शेजारच्या काकू, बस.

जो तो म्हणे, भंगारवाल्याला बोलव, एका दिवसात मोकळं करून देईल. सामान उचलायला माणूस मिळतो हो. पण कोणता डबा फेकायचा नाही, हे त्याला कोण सांगणार? म्हणून आम्ही ठरवलं, आधी कागद, मग भांडी, भंगार सगळ्यात शेवटी.

कागदांवर जरा थांबतो. भावाच्या धाकट्या बहिणीला यंदा इंजिनीअरिंगला ॲडमिशन घ्यायची आहे आणि जात पडताळणी बाकी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. एससीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५० आहे. इतका जुना कागद असणार तो आजोबांचाच, म्हणजे त्यांचा शाळेचा दाखला. शाळेतून नक्कल मिळते, कोतवाल बुकाचीही निघते, पण रजिस्टरचं नेमकं तेच पान फाटलेलं निघालं की फिरा वर्षभर. त्यामुळे घरातली मूळ प्रत सापडणं महत्त्वाचं होतं.

लाइव्ह व्हिडिओ कॉलच्या नादी लागू नका. आत अंधार, रेंज येते-जाते, आणि समोरचा घाई करतो. मी भावाला म्हटलं, टॉर्च लाव, सावकाश रेकॉर्ड कर, दिसेल ते तोंडाने बोलत जा, रात्री पाठव. मग मी आणि आई लॅपटॉपवर थांबवत थांबवत पाहायचो. तिसऱ्या व्हिडिओत आई म्हणाली, "थांब, मागं घे. कोठीच्या मागची पत्र्याची पेटी उघडली का त्यानं?" भावाला ती दिसलीच नव्हती. कॅमेरा धरणारा त्याला महत्त्वाचं वाटतं तेच दाखवतो. आईनं त्या घरात वीस वर्षं काढली होती, तिला कडेचं दिसलं.

पेटीत वर साड्या, खाली किसान विकास पत्रं, बँकेचं जुनं पासबुक आणि पोथीत घडी घालून ठेवलेला आजोबांचा दाखला. १९६७ च्या बराच आधीचा!

पासबुकाचं सांगतो. खात्यात दहा वर्षं व्यवहार नसेल तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण बुडत नाहीत. वारसांना बँकेत दावा करता येतो. शोधायला २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. पोस्टाची बचत मात्र त्यात दिसत नाही, त्यासाठी पोस्टातच जावं लागतं.

भांड्यांचं पटकन. तांब्या-पितळेला मोडीचा भाव मिळतो. दोन दुकानांत विचारा, आणि वजनकाट्याचा फोटो त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर टाका. पैशांवरून नंतर कुजबुज होत नाही. गंगाळ मोठ्या आत्यानं मागून घेतलं. बंब कुणालाच नको होता. आणि जातं? भंगारात त्याला कोण विचारतं! पण काकू भावाला रागावल्या, "जातं कायले फेकता बाप्पा? लग्नाच्या हळदीले लोकं मांगायले येतात." आता ते त्यांच्या ओसरीवर आहे.

सागाची लाकडं, दारं घनफुटावर जातात, त्यात बरी रक्कम येते. पण ती विकायच्या आधी, भिंतीला हात लावायच्या आधी, ग्रामपंचायतीतून नमुना ८ काढून घर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. आमचं अजून आजीच्या नावावर होतं. म्हणजे आत्याही वारस. दोघी आत्यांची लेखी संमती घेतली, मगच मजूर लावले. 'बहिणी काय बोलणार' असं समजून चालणारे घरोघरी आहेत, नंतर कोर्टात भेटतात.

दाखल्याचा स्कॅन आता चौघांच्या फोनमध्ये आहे. मूळ प्रत भावानं स्वतःजवळ ठेवली, कुरिअर केली नाही. पडताळणीचा अर्ज वाशिमला गेलाय, निकाल यायचाय. आला की कळवतो.