मीटर गप्प आहे म्हणून हवा चांगली नव्हे
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डब्याच्या आत रंगकाम करणाऱ्या साथींना आम्ही विचारतो, "थिनरचा त्रास होतो का?" उत्तर ठरलेले, "पहिले काही दिवस व्हायचा, आता वासच येत नाही." नाक सरावते, पण हवेतले टोल्यूइन तेवढेच राहते. डोके जड होते, गरगरते. थिनरमध्ये बेंझीन असले तर प्रश्न रक्ताच्या कर्करोगापर्यंत जातो. म्हणून वाफा मोजणारे यंत्र मागायचे. पण कोणते?

प्रशासन सांगते, गॅस मीटर दिलेला आहे. अनेकदा तो स्फोटाचा मीटर असतो. त्यात एक तापवलेला बारीक मणी असतो. ज्वालाग्राही वाफ त्यावर जळली की मणी आणखी तापतो आणि आकडा दिसतो. हा आकडा स्फोटाला लागणाऱ्या किमान प्रमाणाचा टक्का असतो. टोल्यूइनचे ते प्रमाण हवेच्या सुमारे १.१ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत ११,००० भाग. मीटर साधारणपणे त्याच्या १० टक्क्यांवर, म्हणजे १,१०० भागांवर वाजतो.

आता माणसाचा हिशेब पाहा. अमेरिकेतील 'नायोश' ही सरकारी संस्था दिवसभराच्या कामासाठी १०० भागांची मर्यादा सांगते आणि ५०० भागांना जिवास तत्काळ धोका मानते. म्हणजे माणूस कोसळायच्या बेतात आला तरी मीटर गप्पच! मीटर खोटा नाही. शेड उडेल का, एवढेच त्याला विचारलेले आहे.

शिवाय सिलिकॉनयुक्त पॉलिश किंवा सीलंटच्या वाफेने तो मणी निकामी होतो आणि मग शून्य दाखवत राहतो. वापरण्यापूर्वी ठाऊक प्रमाणाचा गॅस देऊन तो तपासला का, हे विचारा.

आपल्याला हवा तो फोटोआयनायझेशन डिटेक्टर. त्यातला अतिनील दिवा वाफेच्या रेणूंवर विद्युत्भार आणतो आणि दहा लाखांत एक भागसुद्धा कळतो. मात्र वाफ कोणती, हे तो सांगत नाही. बेंझीनची शंका असेल तर हवेचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. पावसाळ्यातली दमट हवा आणि दिव्यावरची धूळ यांनीही आकडा चुकतो. टिन ऑक्साइडच्या स्वस्त डब्या मिळतात, त्या पंखा सुरू करायला ठीक. त्यांच्या आकड्यावर भांडता येणार नाही.

मोजायचे कुठे, हेही पाहा. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती पिटमध्ये साठते. साहेबांच्या टेबलाजवळ घेतलेला आकडा आमच्या काय कामाचा? यंत्र काम करणाऱ्याच्या कॉलरला हवे.

टपाल खात्यातील साथी म्हणतील, आमच्याकडे कुठे थिनर? सॉर्टिंग हॉल रंगवतात तेव्हा रात्रपाळी बंद असते का, ते सांगा.

भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरीज ॲक्टात सुरक्षा समिती आणि धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. तिच्याविषयी आपले मतभेद आहेतच, पण सुरक्षा समितीची तरतूद तिच्यातही आहे. पुढच्या बैठकीसाठी विषय लेखी द्या, पोच घ्या. मीटरचा प्रकार, शेवटच्या तपासणीची तारीख आणि महिन्याभराचे आकडे मागा. आकडे फलकावर मराठीत आणि हिंदीत लागले पाहिजेत, कारण डब्याच्या आत ब्रश धरणारे बरेच जण आता ठेकेदाराचे आहेत आणि त्यांना कोणी बैठकीला बोलावत नाही.