उसने मिळालेले दिवस

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वसंध्येस धर्मग्रामवासीयांपुढे केलेले भाषण)



पन्नास वर्षांत मंदिरास किती विटा लागल्या व किती बाप्तिस्मे झाले, याची मोजदाद आपणांस स्मरणिकेत वाचावयास मिळेलच. मला आज दुसऱ्याच हिशेबाविषयी बोलावयाचे आहे. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात पन्नासावे वर्ष महोत्सवाचे म्हणून सांगितले आहे. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, अशी आज्ञा होती. कारण भूमी परमेश्वराची, आणि माणसे तिच्यावर राहणारे उपरे. जे जमिनीचे, तेच दिवसांचे. ते आपणांस उसने मिळाले आहेत, आणि परतफेडीची तिथी कोणासही कळविलेली नाही.

ही गोष्ट मी सेमिनरीत शिकलो, परंतु समजलो फार उशिरा. तरुणपणी एका गावी असताना एका आजारी वृद्धाकडून बोलावणे आले. मी कसल्याशा सभेच्या कागदपत्रांत गुंतलो होतो. "संध्याकाळी येतो," असे निरोप्यास सांगितले. संध्याकाळी अभ्यंगाचे तेल घेऊन पोहोचलो, तो अंगणात माणसे जमलेली. मुलीने मला दोष दिला नाही. पाण्याचा गडवा पुढे करून ती एवढेच म्हणाली, "फादर, बाबा दुपारभर दाराकडे पाहत होते." ते कागद कशाविषयीचे होते, हे आज मला आठवतही नाही.

धानाचा शेतकरी हे आम्हा धर्मगुरूंहून चांगले जाणतो. पऱ्हे तयार झाले आणि बांधीत पाणी साचले की रोवणी करावीच लागते. दिवस दवडले तर पऱ्हे जून होतात. मग खत कितीही घाला, हवा तसा फुटवा येत नाही. संत पौलांनी इफिसकरांस वेळेचा सदुपयोग करण्याविषयी लिहिले, तेव्हा योजिलेला ग्रीक शब्द घटकांच्या मोजणीचा नसून योग्य संधीचा आहे. रोवणीचा हंगाम म्हणा ना!

"पण फादर, सवड कोठे आहे?" असे बिड्या वळणाऱ्या भगिनी विचारतात, रात्रपाळीचे रेल्वेबंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. हजार बिड्या वळल्याविना ज्या घरची चूल पेटत नाही, तेथे मी तासाभराच्या ध्यानाचा उपदेश करणार नाही. तथापि थोड्या वेळात काय घडू शकते, याचा एक दाखला आपल्याच लोहमार्गावरचा आहे.

1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात होते; ती वाट आपल्या गोंदियावरूनच जाते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. काव्याच्या गोष्टी निघाल्या, त्यांतून धर्माच्या निघाल्या, आणि अखेरीस त्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ते आपल्या कॅथॉलिक पंथाचे नव्हते, हे मी जाणतो. परंतु चांगला दाखला जेथे सापडेल तेथून घ्यावा. तो प्रवासी वाटेत झोपी गेला असता, तर त्याला कोणी नावे ठेविली असती?

टिळकांना पुढे चोवीस वर्षे मिळाली. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले, आणि दहाच्या आसपास अध्याय होतात न होतात, तोच 9 मे 1919 रोजी त्यांचा अंत झाला. ज्या लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, त्यांनी पुढील साठांहून अधिक अध्याय रचिले. त्याही 1936 साली गेल्या, आणि शेवट त्यांच्या पुत्राने केला. हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळेलच, असे वचन प्रभूने कोणास दिलेले नाही. मला तर यात सांत्वन वाटते. आपला घंटेचा मनोरा अजून अपुरा आहे, म्हणून समितीतील काही मंडळी खंतावतात. तो नातवंडे बांधतील. आजाऱ्याच्या दारी जाणे मात्र नातवंडांवर सोपविता येत नाही. अबोला धरलेल्या भावाकडे जाणेही नाही.

आठ वाजत आले. मंडपात भोजन तयार आहे, ते आपण सुरू करावे, माझ्यासाठी थांबू नये. रेल्वे वसाहतीतील एक आजी सकाळपासून परमप्रसादाची वाट पाहत आहेत. मी तिकडे जाऊन येतो.